न नाथानचा

आडनाव फोडून सांगणे हा परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाच्या रोजच्या व्यवहाराचाच भाग होऊन जातो. हॅम्बुर्गला आल्यापासून गेली सतरा वर्षे मी फोनवर ‘देशपांडे’ हे आडनाव असे सांगत आले आहे: डोरा, एमिल, झीगफ्रीड, हाइनरिश, पाउला, आंटोन, नॉर्डपोल, डोरा, एमिल. दवाखाना असो, वीज कंपनी असो की मुलाच्या शाळेचे कार्यालय, पलीकडून कळफलकाचे नऊ टकटक आवाज येतात आणि काम पुढे सरकते. ही यादी मी पुण्यातल्या जर्मनच्या वर्गात पाढ्यांसारखी पाठ केली होती. तेव्हा तिचे काही नवल वाटले नव्हते, कारण आपणही अक्षरे अशीच शिकतो. क कमळाचा, ग गणपतीचा, न नळाचा. अलिबागच्या घरी ट्रंककॉल लागला की वडील रिसीव्हरभोवती तळहाताचा आडोसा करून ‘डी फॉर दिल्ली, एन फॉर नागपूर’ असे मोठ्याने सांगत, आणि ऐकून ऐकून आम्हा भावंडांनाही ती अक्षरे त्या शहरांच्याच मालकीची वाटू लागली होती. अक्षराला एकदा एखादे नाव चिकटले की ते जन्मभर सुटत नाही. ते कुठून आले, कोणी चिकटवले, हे जिभेला ठाऊक नसते.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी जुन्या बाजारात गेले होते. पावसाची भुरभुर चालू होती, विक्रेत्यांनी मालावर प्लास्टिक ओढले होते, आणि ओल्या लोकरीच्या वासात भाजलेल्या बदामांचा वास मिसळला होता. एका टेबलावर जुन्या कागदांची खोकी मांडलेली होती, त्यांत एक जाडजूड, कडा कुरतडलेली दूरध्वनी निर्देशिका होती, सन १९३१. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची नावे पुढे उमटलेली दिसत. सुरुवातीच्या पानांवर सूचना होत्या, आणि त्यांतच अक्षरे सांगण्याचा तो तक्ता होता. मी हौसेने त्यात माझे आडनाव शोधू लागले. बोट ‘डी’वर गेले आणि थांबले, कारण तिथे डोरा नव्हती, दावीद होता. ‘एस’च्या पुढे झीगफ्रीड नव्हता, शमुवेल होता. ‘एन’च्या पुढे नाथान होता. ‘डी’ माझ्या आडनावात दोनदा येतो. म्हणजे नऊपैकी चार अक्षरांच्या घरांत मला अनोळखी माणसे राहताना दिसली. खरे तर तेच तिथले मूळचे रहिवासी होते आणि माझ्या ओळखीचे सगळे नंतर राहायला आलेले होते.

त्या घरांतून त्यांना कोणी काढले, हा प्रश्न मला घरी येईपर्यंत सोडीना.

उत्तर शोधायला फार खोल जावे लागले नाही, कारण ते कागदोपत्री नोंदलेले आहे. २२ मार्च १९३३ रोजी रोस्टॉक शहरातल्या एका रहिवाशाने तिथल्या टपाल कार्यालयाला एक पोस्टकार्ड पाठवले. देशात जे राष्ट्रीय परिवर्तन घडले आहे ते पाहता दूरध्वनी पुस्तकातल्या तक्त्यात दावीद, नाथान, शमुवेल अशी ज्यू नावे यापुढे ठेवणे उचित नाही, त्यांच्या जागी योग्य जर्मन नावे सापडतीलच, आणि पुढच्या आवृत्तीत या सूचनेचा विचार झालेला दिसेल अशी आशा आहे, असा त्याचा आशय होता. आदल्याच दिवशी पोट्सडाममध्ये नव्या सत्तेचा थाटामाटाचा सोहळा झाला होता, दुसऱ्या दिवशी हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा संमत व्हायचा होता, आणि त्याच २२ तारखेला डाखाऊच्या छळछावणीत पहिले कैदी आणले गेले. इतिहासाच्या पुस्तकांत या तिन्ही गोष्टी ठळकपणे येतात. पोस्टकार्ड त्यांच्या शेजारी अगदीच किरकोळ दिसते. तरीही माझे मन त्या कार्डापाशीच अडकले, कारण ते लिहायला त्या माणसाला कोणीही सांगितले नव्हते. त्याने कार्ड विकत घेतले असेल, टाक शाईत बुडवला असेल, मजकूर नम्र आणि व्यवस्थित लिहिला असेल, टीप कागदाने टिपून, टोपी घालून पेटीपर्यंत चालत गेला असेल. नागरिकाने रस्त्यावरच्या बंद दिव्याची तक्रार करावी तितक्या सहजपणे त्याने तीन नावांची तक्रार केली.

टपालखात्याने ती ऐकली. १९३४ सालच्या पुस्तकात दावीदची डोरा झाली, शमुवेलचा झीगफ्रीड झाला, जखऱ्याच्या जागी झेपेलिन ही हवाईनौका आली, आणि याकोबच्या जागी तर त्या अक्षराचे नुसते उच्चारनाव, योट, एवढेच उरले. नाथानचा झाला नॉर्डपोल, म्हणजे उत्तर ध्रुव. या एका बदलावर मी कितीतरी वेळ थबकले. ‘एन’ने सुरू होणारी जर्मन माणसांची नावे काही कमी नाहीत, नॉर्बर्ट आहे, निकोलाउस आहे. पण नाथानच्या जागी दुसरा माणूसही ठेवला गेला नाही. जिथे कोणीच राहत नाही अशी, बर्फाने झाकलेली नकाशावरची एक जागा ठेवली गेली. कारकुनाने हे विचारपूर्वक केले असेल असे मी म्हणत नाही. त्याला एक सोपा, ठसठशीत उच्चाराचा शब्द हवा असेल. पण कागद कधी कधी लिहिणाऱ्याच्या मनात नसलेलेही सांगून जातो.

नाथान हे नाव जर्मन कानांना परके होते असेही नाही. लेसिंगने १७७९ साली लिहिलेल्या नाटकातला शहाणा ज्यू व्यापारी नाथान तिथल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा होता. नाझी राजवटीत ते नाटक जर्मन रंगभूमीवरून गेले. नोकऱ्यांवरून काढल्या गेलेल्या ज्यू कलावंतांनी बर्लिनमध्ये आपली स्वतंत्र सांस्कृतिक संघटना उभी केली, आणि १ ऑक्टोबर १९३३ रोजी पहिला पडदा उघडला तो याच नाटकाने. मात्र ते पाहायला फक्त ज्यूंनाच परवानगी होती. म्हणजे ज्या महिन्यांत एक नाथान टपालखात्याच्या तक्त्यातून खाली उतरवला जात होता, त्याच महिन्यांत दुसरा नाथान आपल्याच लोकांपुरत्या कोंडलेल्या रंगमंचावर उभा राहत होता.

त्या बाजारात मी निर्देशिकेबरोबर काही पोस्टकार्डेही चाळली होती. त्या काळच्या तिकिटांवर आणि शिक्क्यांवर स्वस्तिक असते आणि ते चिन्ह मिरवायला आता इथे कायद्याने बंदी आहे, म्हणून विक्रेते त्यावर कागदाचे बारीक तुकडे डकवून ठेवतात. खोक्यातल्या कार्डांवर असे पांढरे चौकोन जखमेवरच्या पट्टीसारखे दिसत होते. त्यांतले एक, १९३८ सालचे, मी विकत घेतले. जुने जर्मन हस्ताक्षर वाचणे मला अवघड जाते; भिंग घेऊन दोन संध्याकाळी बसले तेव्हा मजकूर हळूहळू उलगडला. आलुबुखाराचा केक छान झाला होता, कोणाचा तरी गुडघा अजून दुखत होता, पाऊस थांबत नव्हता, आणि शेवटी, सहीच्या वर, ‘जर्मन अभिवादनासह’ हे तेव्हा सर्रास लिहिले जाणारे शब्द होते. आपण ‘सा. न. वि. वि.’ लिहितो तितक्या सवयीने ते लिहिलेले दिसत होते. ते हस्ताक्षर मला आवडले, हे मला कबूल केले पाहिजे. उकारांच्या वेलांट्या माझ्या आजीसारख्या गोल होत्या. केकाविषयी लिहिणाऱ्या बाईचा राग करणे मला जमेना, आणि त्या अभिवादनाच्या शब्दांशेजारी तिच्याविषयी माया वाटणेही जमेना.

पोस्टकार्ड हा कागदाचा फार उघडा प्रकार आहे. पाकिटाला निदान ओठ मिटता येतात. कार्ड मात्र पोस्टमनने, शेजाऱ्याने, दार उघडणाऱ्या मोलकरणीने, कोणीही वाचावे. ज्यूद्वेष पसरवू पाहणाऱ्यांना ही सोय हिटलरच्या कितीतरी आधी उमगली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रँकफर्टच्या रेल्वे स्थानकाजवळचे क्योल्नर होफ हे हॉटेल आपल्या पाहुण्यांना जी कार्डे देत असे, त्यांवर ‘फ्रँकफर्टमधल्या एकमेव ज्यूमुक्त हॉटेलातून नमस्कार’ अशा अर्थाचा मजकूर छापलेला असे. उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटावर सुट्टीला गेलेली मंडळी ज्यूंना बेटावर थारा नाही असे बजावणाऱ्या गाण्याच्या ओळी छापलेली कार्डे घरी धाडत. तिथल्या पर्यटकांसाठी वाजणाऱ्या बँडवर ते गाणे हौसेने म्हटले जाई. गोंद लावलेली, तिकिटाएवढी चिठोरी मिळत, ती पाकिटांवर, दुकानांच्या काचांवर, रेल्वेच्या डब्यांत डकवली जात. जर्मन ज्यूंच्या मध्यवर्ती संघटनेने ही कार्डे आणि चिठोरी जमवली, त्यांविरुद्ध पत्रके छापली, शक्य तिथे न्यायालयात दाद मागितली. पण एका चिठोऱ्यावर खटला चालेपर्यंत किती पाकिटे पुढे गेली असतील. समुद्रकाठच्या हवेत बसून, मुलांच्या पायांची वाळू झटकत, आईला कार्ड लिहिणारा माणूस त्यावर काय छापले आहे हे वाचत नसेल का? वाचत असेलच. त्याला ते खटकत नसेल, किंवा गंमत वाटत असेल. आणि ते कार्ड पोचवणाऱ्या पोस्टमनच्या थैलीत त्याच गल्लीतल्या ज्यू डॉक्टरचीही पत्रे असतील.

१८७९ साली बर्लिनच्या विद्यापीठातल्या हाइनरिश फॉन ट्राइट्श्के या नामवंत इतिहासकाराने एका लेखात एक वाक्य लिहिले: ज्यू हे आपले दुर्दैव आहे. प्राध्यापकाने ते इतरांच्या तोंडचे म्हणून नोंदवले होते, पण त्याच्या प्रतिष्ठेमुळे वाक्याला अंगरखा मिळाला. पुढे न्युर्नबर्गहून युलिउस श्ट्रायशरने १९२३ साली ‘डेअर श्ट्युर्मर’ हे साप्ताहिक सुरू केले, आणि कालांतराने तेच वाक्य त्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी अंकामागून अंक छापले जाऊ लागले. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात या साप्ताहिकाचा खप पाच लाखांच्या घरात गेला, पण त्याला खपाची खरे तर गरजच नव्हती. बसथांब्याजवळ, कारखान्याच्या फाटकाशी, गावाच्या चौकात लाकडी, काचेच्या दाराच्या पेट्या उभारलेल्या असत आणि त्यांत ताजा अंक पसरून लावलेला असे. बसची वाट पाहणारा माणूस काय वाचेल? समोर असेल ते वाचेल. ज्यू दुकानातून कोणी खरेदी केली, कोणी कोणाशी मैत्री ठेवली, याच्या चहाड्या वाचक पत्राने कळवत, आणि त्या नावानिशी छापल्या जात. लोक ते अंक वाचत होते, आणि लोकच ते लिहीतही होते. ज्या ज्यू मुलीला शाळेत जाताना ती पेटी रोज ओलांडावी लागत असेल, तिने मान कोणत्या बाजूला वळवून चालायचे ठरवले असेल, याचा विचार मी माझ्या बसथांब्यावर उभी असताना हल्ली करू लागले आहे.

सरकारी टपालाने मग स्वतःच हात पुढे केला. ८ नोव्हेंबर १९३७ रोजी म्युनिचमध्ये, जर्मन संग्रहालयाच्या ग्रंथालयाच्या इमारतीत, ‘शाश्वत ज्यू’ नावाचे प्रदर्शन उघडले; ३१ जानेवारीपर्यंत चार लाखांहून अधिक माणसे ते पाहून गेली. त्यासाठी टपालखात्याने खास शिक्का केला होता. प्रदर्शनाचे नाव आणि भित्तिपत्रकातला तो विद्रूप केलेला चेहरा त्यावर होता. पोस्टातला कर्मचारी दिवसभर तो शिक्का उचलत असेल, शाईच्या गादीवर दाबत असेल, तिकिटावर ठोकत असेल, आणि संध्याकाळी त्याचे मनगट दुखत असेल. इतर पाहुणे नातेवाइकांना कार्ड पाठवत तसे याही प्रदर्शनातून पाठवत. ‘काल पोचलो, हवा थंड आहे, प्रदर्शन पाहिले’ असे तीन ओळींचे कार्ड कुठल्यातरी खेड्यातल्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला टेकवून, आठवडाभर उभे राहिले असेल.

ड्रेस्डेनचे भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर क्लेम्परर यांनी, प्राध्यापकी गेल्यावर आणि घर गेल्यावरही, हे सगळे शब्द टिपून ठेवले आणि युद्धानंतर, १९४७ साली, त्यांचे पुस्तक केले. शब्द हे आर्सेनिकच्या अगदी बारीक मात्रांसारखे असू शकतात, नकळत गिळले जातात, काही परिणाम होत नाही असे वाटते आणि काही काळाने विष भिनलेले दिसते, असे त्यांनी म्हटले आहे. आरडाओरड्याची भाषणे ऐकताना माणूस निदान आपण भाषण ऐकतो आहोत हे जाणतो. दूरध्वनी पुस्तक उघडताना तो फक्त खाटकाचा किंवा सुइणीचा नंबर शोधत असतो.

ज्या राज्याला आपल्या तक्त्यात ज्यू नाव नको होते, त्याच राज्याला ज्यू माणसावर मात्र ज्यू नावाशिवाय काही नको होते. ऑगस्ट १९३८च्या हुकुमाने, सरकारी यादीतले ‘ज्यू’ नाव ज्यांचे नसेल अशा प्रत्येक ज्यू पुरुषाला ‘इस्राएल’ आणि स्त्रीला ‘सारा’ हे जादा नाव १ जानेवारी १९३९पासून लावणे सक्तीचे झाले. हान्स, कुर्ट, इल्से अशी नावे जन्मभर वापरलेल्या माणसांना सहीच्या वेळी पेन थांबवून मध्ये एक शब्द घालावा लागला, अर्जावर, ओळखपत्रावर, प्रत्येक सरकारी पत्रावर. पुढे १९४० साली टपालमंत्र्यांच्या आदेशाने ज्यूंच्या घरचे दूरध्वनी काढून घेण्यात आले. आधी तक्त्यातली नावे गेली, मग पुस्तकातली, मग भिंतीवरचे यंत्र गेले आणि तारा तेवढ्या लोंबत राहिल्या. दूरध्वनी गेल्यावर माणसाला आपले नाव कोणाला फोडून सांगावेच लागत नाही.

मला या सगळ्यात अलिबाग सारखे आठवत राहते. आमच्या शाळेत भूमिती शिकवणारे सर इस्राएल आळीत राहत. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू होते आणि त्यांच्या आद्याक्षरातला ‘एस’ शमुवेलचा होता. आम्हा मुलांना त्यात काही विशेष आहे असे वाटले नव्हते. हजेरीपटावर सावंत, सुर्वे तसे तेही एक नाव होते. फळ्यावर ते इतके सुरेख वर्तुळ हाताने काढत की कंपासची गरज पडू नये. सर केव्हाच गेले. त्यांनी मला शिकवले तेव्हा त्यांचे वय साठीच्या आसपास होते, म्हणजे रोस्टॉकच्या त्या माणसाने कार्ड पेटीत टाकले तेव्हा ते शाळकरी मुलगा असतील आणि कोकणातल्या कुठल्यातरी ओट्यावर बसून मराठी मुळाक्षरे गिरवत असतील. त्यांचे नाव आपल्या पुस्तकात नको, असे हजारो मैलांवर बसून कोणीतरी लिहीत होते. सरांना हे कधी कळले होते का, हे आता विचारता येणार नाही. मी मात्र त्यांच्याच नावाच्या जागी सतरा वर्षे झीगफ्रीड म्हणत आले.

युद्ध संपले, श्ट्रायशर न्युर्नबर्गच्या खटल्यानंतर १६ ऑक्टोबर १९४६ रोजी फासावर गेला, आणि पश्चिम जर्मनीत नवा तक्ता आला तेव्हा शमुवेल आणि जखऱ्या त्यात परत आले. दावीद आणि नाथान परत आले नाहीत. शमुवेल छापील तक्त्यात परतला तरी लोकांच्या तोंडून झीगफ्रीड काही गेला नाही. मी तर तो पुण्यातच शिकले होते. कागद दुरुस्त करता येतो, तोंडाची सवय दुरुस्त करायला कार्यालय नसते. अलीकडे, २०२२ साली, कार्यालयीन वापरासाठी पुन्हा नवा तक्ता ठरवण्यात आला आणि त्यात माणसांची नावे काढून शहरांची घातली. माझ्या वडिलांच्या दिल्ली-नागपूरच्या जवळ जाणारी ही पद्धत पाहून मला आधी बरे वाटले. मग मी ‘एन’ शोधला. तिथे न्युर्नबर्ग आहे. ‘आर’च्या पुढे रोस्टॉक आहे. करणाऱ्यांच्या मनात वाईट काही नाही, उलट चांगलेच करायचे आहे, आणि शहरांचा काय दोष, हे मला समजते. तरी नाथानच्या जागी दुसऱ्यांदाही नाथान आला नाही, एवढे मी पाहिले.

परवा एका औषधाच्या दुकानातून फोन आला. मागवलेले औषध आले होते आणि नाव नीट नोंदवून घ्यायचे होते. आवाज वयस्कर बाईंचा होता, मायाळू आणि घाई नसलेला. मी ठरवून सुरुवात केली: दावीद, एमिल, शमुवेल. त्यांनी टंकले, काही म्हणाल्या नाहीत. हाइनरिश, पाउला, आंटोन. मग मी ‘नाथान’ म्हणाले. पलीकडे क्षणभर शांतता झाली. त्यांना वाटले असावे की मला शब्द आठवत नाही, परदेशी माणसाला होते तसे. ‘नॉर्डपोल, नाही का?’ त्या समजुतीच्या स्वरात, अगदी मदत करावी तशा म्हणाल्या. मागे दुकानाच्या दाराची घंटा वाजली, कोणीतरी गिऱ्हाईक आत आले असावे. मला सांगायचे होते. वाक्य जुळवून तयारही होते.

मी ‘हो’ म्हणाले, आणि पुढे डोरा, एमिल सांगितले.